रडीचा डाव आणि अंधाराचा खेळ : १९९८ सालची 'यु-गि-ओ!'

पटावरचा उंट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

'यु-गि-ओ!' हे नाव घेतले की आपल्यापैकी बहुतेकांना पत्ते आठवतात. मनगटावर बांधलेली ती चकती, निळ्या डोळ्यांचा पांढरा ड्रॅगन आणि तीन-तीन भाग चालणारे सामने. मी ज्या मालिकेविषयी लिहिणार आहे, ती त्याहून जुनी आहे आणि तिच्यात पत्ते हा अनेक खेळांपैकी केवळ एक खेळ आहे. तोएई अ‍ॅनिमेशनने काढलेली ही जपानी कार्टून मालिका टीव्ही असाही वाहिनीवर ४ एप्रिल १९९८ ते १० ऑक्टोबर १९९८ या काळात दाखवली गेली आणि २७ भागांत संपली. चाहते तिला 'सीझन झिरो' म्हणतात, परंतु ते नाव दिशाभूल करणारे आहे. २००० साली टीव्ही टोकियोवर सुरू झालेली मालिका गॅलप या दुसऱ्याच स्टुडिओची होती. तिचे कलाकार वेगळे होते आणि तिने आधीच्या २७ भागांशी कोणतेही नाते सांगितले नाही.

दोन्हींचे मूळ मात्र एकच आहे. काझुकी ताकाहाशी यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 'शोनेन जंप' साप्ताहिकात १९९६ पासून २००४ पर्यंत चालली आणि पुढे तिचे ३८ खंड झाले. तिच्या पहिल्या सात खंडांत जे आहे ते तोएईने घेतले. गॅलपने ते बहुतांशी ओलांडून थेट पत्त्यांवर उडी मारली.

या सात खंडांची कल्पना अशी आहे. मुतो यूगी हा शाळेतला बुटका, एकलकोंडा मुलगा. गल्लीतल्या खेळात ज्याला आपण 'कच्चा लिंबू' म्हणून घेत असू, अगदी तसा. आजोबांच्या खेळण्यांच्या दुकानात आलेले एक इजिप्शियन कोडे तो आठ वर्षे खपून जुळवतो आणि त्याच्यात दुसरेच कोणीतरी जागे होते. यूगीला त्याचा पत्ता नसतो. कोणी दुबळ्यावर अन्याय केला, की हा दुसरा यूगी बाहेर येतो आणि त्या माणसाला खेळाचे आव्हान देतो. याला ते 'यामी नो गेमु', म्हणजे अंधाराचा खेळ, म्हणतात. हरणाऱ्याला जे भोगावे लागते तो 'बत्सु गेमु'. हा शब्द जपानी माणसाला अगदी घरगुती वाटतो. आपल्याकडे गाण्याच्या भेंड्यांत भेंडी चढली की हरलेल्यांना सर्वांसमोर नाचायला लावतात, तितकाच तो निरुपद्रवी आहे. ताकाहाशी यांनी या साध्या शब्दाच्या पोटात भय भरले, ही मला त्यांची सर्वांत मोठी करामत वाटते.

मांगाच्या पहिल्याच प्रकरणातला खेळ पाहा. उशिओ नावाचा दांडगा विद्यार्थी 'तुला त्रास देणाऱ्यांना मी मारले, आता त्याचे दोन लाख येन दे' म्हणून यूगीच्या मागे लागलेला आहे. रात्री शाळेत दुसरा यूगी त्याला भेटतो. स्वतःच्या हाताच्या पालथ्या पंजावर नोटांची चळत ठेवायची, वरून सुरा मारायचा आणि जितक्या नोटा टोचल्या जातील तितक्या आपल्या. पाळीपाळीने खेळायचे. हाव धरून जोरात मारले तर सुरा हाडात जाणार, हात राखून मारले तर दोन-चार नोटाच मिळणार. चळत कमी होत जाते तसा उशिओचा हात त्याच्या ताब्यात राहत नाही. आता आपण आपलाच पंजा फोडणार हे त्याला कळते आणि तो सुरा यूगीवर उगारतो. म्हणजे रडीचा डाव. त्याच क्षणी यूगीच्या कपाळावर डोळा उमटतो आणि शिक्षा सुरू होते. सकाळी उशिओ कचऱ्यात आणि पाचोळ्यात बसून 'पैसा, पैसा' करीत लोळत असतो.

तोएईने हा सुऱ्याचा खेळ वगळून त्या जागी दुसरा घातला. १९९८ च्या जानेवारीत तोचिगी प्रांतातील कुरोइसो येथे एका शाळकरी मुलाने शिक्षिकेची सुऱ्याने हत्या केली होती आणि जपानभर त्याची चर्चा होती. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत सुरू होणाऱ्या मुलांच्या मालिकेत शाळेच्या आवारात सुरा दाखवणे कोणत्याही वाहिनीला जड गेले असते, असा माझा तर्क आहे. तपशील सौम्य झाले, तरी सांगाडा कायम राहिला, आणि माझे म्हणणे त्या सांगाड्याविषयी आहे.

या मालिकेला सगळे 'काळोखी' म्हणतात. मला तिचे वेगळेपण शिक्षेच्या भीषणतेत दिसत नाही. गुन्हेगाराला आधी एक डाव मिळतो, त्या डावाचे नियम दोघांना सारखे असतात आणि माणूस हरतो तो बहुधा स्वतःच्याच दुर्गुणाने हरतो, यात ते आहे. उशिओला यूगीने हरवले नाही, त्याच्या हावेने हरवले. दुसऱ्या मालिकेत हे न्यायासन गेले आणि त्या जागी क्रीडास्पर्धा आली. खेळ तोच राहिला, पण तो कशासाठी खेळायचा हे बदलले. आपल्याला काय वाटते?

रातराणी

छान धागा. मला या मालिकेतले सर्वांत आधी आठवतात ते आवाज. यूगी आणि दुसरा यूगी ही दोन्ही सोंगे मेगुमी ओगाता यांनी वठवली आहेत. त्याआधी १९९५ च्या 'इव्हँजेलियन' या मालिकेतला शिंजी त्यांनीच केला होता, त्यामुळे घाबरलेल्या मुलाचा आवाज त्यांच्याकडे तयारच होता. गंमत अशी की दुसऱ्या यूगीसाठी त्या आवाज चढवत नाहीत. उलट तो खाली, संथ आणि जवळजवळ लाडिक होतो. समोरच्याला आपण हरणार हे कळण्याआधी ते आपल्याला त्या आवाजावरून कळते.

शीर्षकगीत फील्ड ऑफ व्ह्यू या बँडचे आणि शेवटचे गीत वाँड्स या बँडचे आहे. चित्रांची जबाबदारी शिंगो अराकी आणि मिची हिमेनो या 'सेंट सेया'वाल्या जोडीकडे होती, म्हणून सर्वांचे डोळे इतके टोकदार आणि उदास आहेत. यूगीचा प्रतिस्पर्धी कायबा याचे केस हिरवे का, याचे समाधानकारक उत्तर मात्र मला आजवर मिळालेले नाही.

तळटीप

उंटराव, आपण न्यायासन म्हटले आहे म्हणून एक भर घालतो. या कथेत खरोखरचे न्यायासनही येते. शादी नावाचे एक पात्र आहे (नाव वाचून हसू नये, मीही पहिल्यांदा हसलो होतो). हा इजिप्तहून आलेला माणूस थडग्यांतील वस्तू उकरून मिरवणाऱ्यांना शासन करायला फिरत असतो. त्याच्या हातात सोन्याचा तराजू आहे. शहरातील संग्रहालयाच्या संचालकाला तो प्रश्न विचारतो आणि प्रत्येक खोट्या उत्तराबरोबर पारडे झुकत जाते. दुसऱ्या पारड्यात एकच पीस आहे. पारडे पुरते झुकले, की अम्मित नावाची राक्षसी त्याला गिळते.

हे ताकाहाशी यांच्या कल्पनेतून आलेले नाही. प्राचीन इजिप्तमध्ये मृताचे हृदय मात देवीच्या पिसाविरुद्ध तोलले जाई. काटा अनुबिस पाही, निकाल थोत लिहून घेई आणि हृदय जड निघाले तर मगरीचे तोंड, सिंहाचे पुढचे अंग आणि पाणघोड्याचे मागचे अंग असलेली अम्मित ते खाऊन टाकी. ब्रिटिश संग्रहालयातील आनीच्या पपायरसवर हा सगळा देखावा रंगवलेला आहे आणि तो सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा आहे.

आता खेळाकडे येतो. इजिप्शियन लोक 'सेनेत' नावाचा ३० घरांचा पट खेळत. तुतनखामुनच्या थडग्यात हे पट सापडले आहेत आणि राणी नेफरतारीच्या थडग्यातील भिंतीवर ती एकटीच, समोर प्रतिस्पर्धी नसताना, सेनेत खेळताना दाखवलेली आहे. उत्तरकाळात हा पट म्हणजे मृतात्म्याचा परलोकातील प्रवास असे मानू लागले. खेळ आणि मृत्यूनंतरचा निवाडा यांची सांगड ज्या संस्कृतीने घातली होती, तिच्यातूनच लेखकाने दुसऱ्या यूगीचा आत्मा उचलला. त्यामुळे मला ही इजिप्तची झूल वरवरची वाटत नाही.

कोरी पाटी

माझा व्यवसाय वकिलीचा आहे, त्यामुळे 'न्याय' हा शब्द असा सढळ हाताने वापरलेला पाहिला की मी अडखळते. मी मुलाबरोबर या मालिकेचे आठ-दहा भाग पाहिले आहेत. त्यावरून माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला म्हणजे फिर्यादी, न्यायाधीश, प्रतिपक्ष आणि शिक्षा अमलात आणणारा हे सर्व एकच व्यक्ती आहे. दुसरा, खेळ कोणता हे तोच ठरवतो, नियम तोच सांगतो आणि हरल्यास नेमके काय होईल हे समोरच्याला आधी सांगत नाही. 'शिक्षा होईल' एवढे मोघम सांगणे म्हणजे करारनाम्याच्या तळाशी बारीक अक्षरांत अट छापण्यासारखे आहे. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत गंभीर आक्षेप असा, की या शिक्षांनी कोणी सुधारत नाही. कायबाचेच उदाहरण घ्या. तो आजोबांचा निळ्या डोळ्यांचा ड्रॅगन नकली पत्ता ठेवून लांबवतो, खेळात हरतो आणि शिक्षा म्हणून त्याला मृत्यूचा अनुभव भोगावा लागतो. परिणाम काय? तो सूडाने पेटून 'डेथ-टी' नावाचे माणसे मारणारे करमणूक उद्यान उभारतो. शासनाने गुन्हा वाढला.

याला न्याय म्हणण्यापेक्षा छळ झालेल्या मुलाचे सूडाचे स्वप्न म्हणावे. तसे म्हटले की मला त्याविषयी सहानुभूतीही वाटते.

पटावरचा उंट

ताई, पहिले दोन आक्षेप मी मान्य करतो आणि तिसऱ्यावर थोडे भांडतो.

आधी माझीच बाजू कच्ची करणारे उदाहरण देतो, कारण कोणीतरी ते देणारच. मांगाच्या चौथ्या प्रकरणात तुरुंगातून पळालेला एक बंदूकधारी बर्गरच्या हॉटेलात यूगीची मैत्रीण अंझु हिला ओलीस धरतो. त्याला दारू आणि सिगारेट हवी असते, ती घेऊन दुसरा यूगी येतो आणि समोर बसून खेळ मांडतो, की दहा बोटांपैकी ज्याने त्याने एकच बोट निवडायचे आणि तेवढेच हलवायचे. कैदी अर्थातच चाप ओढणारी तर्जनी निवडतो. यूगी अंगठा निवडतो. त्या अंगठ्याने तो लायटर पेटवतो, कैद्याच्या ओठांतली सिगारेट शिलगावतो आणि पेटता लायटर अलगद त्याच्या बंदुकीच्या हातावर ठेवून देतो. दारू तोवर पेल्यातून ओसंडत असते. गोळी झाडली तर धक्क्याने लायटर पडणार आणि तो पेटणार, न झाडावी तर बसून राहावे लागणार. यूगी अंझुला घेऊन शांतपणे चालू लागतो.

या माणसाने रडीचा डाव खेळलेला नाही, तो नियमाप्रमाणेच खेळला. तेव्हा 'फसवणाऱ्यालाच शिक्षा' हे माझे सूत्र इथे तुटते. तरी एक गोष्ट उरते. दहा बोटांतून त्याने निवडले ते मारणारे बोट, आणि ती निवड यूगीने केलेली नव्हती.

कायबाविषयी आपले म्हणणे खरे आहे, पण लेखकालाही ते ठाऊक होते असे मला वाटते. 'डेथ-टी'च्या शेवटी कायबा पुन्हा हरतो, तेव्हा शिक्षेचा प्रकार बदललेला आहे. दुसरा यूगी त्याच्या मनाचे तुकडे करतो, ते अशासाठी, की त्याने ते नव्याने जुळवावेत. आठ वर्षे कोडे जुळवत बसलेल्या मुलाच्या गोष्टीत ही शिक्षा मला फार अर्थपूर्ण वाटली. पहिल्या शिक्षेने सूड उपजला, हे कथेनेच कबूल केल्यासारखे आहे.

सोंगटी

तळटीप यांनी सेनेतचा उल्लेख केला, त्यावरून घराजवळचे एक सांगते. यूगीच्या आजोबांचे नाव सुगोरोकु आहे. हे जपानमधल्या एका पटाचे नाव आहे. या नावाखाली दोन निरनिराळे खेळ येतात आणि त्यांतला चित्रांचा सुगोरोकु आपल्या सापशिडीच्या जातीचा आहे, म्हणजे फासा टाकायचा आणि पडेल त्या घरी जायचे. त्यातही 'जोदो सुगोरोकु' नावाचा एक प्रकार होता. त्याच्या पटावर बौद्ध स्वर्ग आणि नरक काढलेले असत आणि फाशाच्या दानाप्रमाणे खेळणारा शुद्धभूमीकडे तरी चढे किंवा नरकात तरी पडे.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपल्याकडचा मोक्षपट हाच विचार मांडतो. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. सद्गुणाच्या शिडीने वर आणि दुर्गुणाच्या सापाने खाली. आज मुले जी सापशिडी खेळतात तिच्यातून त्या गुणदुर्गुणांची नावे पुसली गेली आणि नुसते आकडे उरले. उंटरावांनी दोन मालिकांतला जो फरक सांगितला, तो मला असाच वाटतो.

नावांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. यूगी म्हणजे खेळ. यूगीचा 'यू' आणि त्याचा मित्र जोनोउची याचा 'जो' एकत्र केले की जपानीत 'यूजो', म्हणजे मैत्री, असा उच्चार होतो. पहिल्या प्रकरणात हाच जोनोउची यूगीच्या कोड्याचा एक तुकडा पाण्यात फेकून देतो आणि पुढे स्वतःच उतरून शोधून आणतो.

डबल गुलाम

मी पत्त्यांच्या बाजूने बोलणार, कारण मी ते खेळत वाढलो आणि दुसऱ्या मालिकेची इथे जरा जास्तच हेटाळणी होत आहे.

पत्ते काही बाहेरच्या व्यापाऱ्याने घुसडलेले नाहीत, ते मांगाच्या दुसऱ्याच खंडात आलेले आहेत. अमेरिकेत १९९३ साली आलेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळावरून ताकाहाशी यांनी ते बेतले आणि एक-दोन प्रकरणांत सोडून देण्याचा त्यांचा बेत होता. त्या खेळाविषयी वाचकांनी इतकी विचारणा केली, की त्यांनी तो परत आणला. म्हणजे न्यायासन वाचकांनी उठवले, व्यापाऱ्याने नव्हे. व्यापारी मागाहून आला. तोएईच्या मालिकेच्या काळात बंदाई कंपनीने पत्ते काढले होते, परंतु १९९९ साली कोनामी कंपनीने हातात घेतल्यावर ते जगभर पोहोचले. ३१ मार्च २०११ पर्यंत २,५१७ कोटी पत्ते विकले गेल्याची गिनीजमध्ये नोंद आहे.

दुसऱ्या मालिकेचे पाणचटपण पुष्कळसे इंग्रजी आवृत्तीचेही आहे, हे लक्षात घ्यावे. अमेरिकेत फोरकिड्स कंपनीने ती दाखवताना बंदुका चित्रांतून पुसल्या आणि मरणाचा उल्लेख आला, की त्या जागी 'शॅडो रेल्म', म्हणजे सावल्यांचे जग, घातले. जपानी मूळ पाहिले तर त्यातही अंधाराचे खेळ आहेत आणि त्यांचा शेवट नेहमीच गोड होत नाही.

रातराणी

डबल गुलाम, हिशेब पटला. पण तोएईच्या बाजूनेही एक कबुली द्यायला हवी. तिने मिहो या पात्राला मुख्य मंडळींत बसवले. मांगात ही मुलगी एका प्रकरणापुरती येते आणि जाते. इथे ती जवळजवळ प्रत्येक भागात हौसेने काहीतरी गोळा करीत किंवा कोणावर तरी भाळत हिंडते आणि वर्गमित्र होंडा तिच्या मागे. काही भाग केवळ तिच्या बडबडीत वाया गेले आहेत. मात्र हसण्याखेळण्याच्या त्या अर्ध्या तासात शेवटी जेव्हा खोलीचा रंग जांभळा होतो, तेव्हा जो दचका बसतो तो मांगात बसत नाही, हेही खरे.

दिग्दर्शक हिरोयुकी काकुदो पुढच्याच वर्षी 'डिजिमॉन अ‍ॅडव्हेंचर'कडे गेले. ६ मार्च १९९९ रोजी अर्ध्या तासाचा एक चित्रपट आला आणि तोएईचा हा संसार आटोपला.

कोरी पाटी

सोंगटी यांचे आभार. मोक्षपट माझ्या ध्यानातच आला नव्हता. मात्र मोक्षपटावरचा साप कोणाचा प्रतिस्पर्धी नसतो, तो आधीपासून पटावर छापलेला असतो आणि सर्वांना दिसतो. यूगीचा साप ऐन वेळी पटावर येतो.

उंटरावांच्या सांगण्यावरून मी काल पहिले प्रकरण वाचले. दोन लाख येनांच्या मागणीपाशी मी थांबले. १९९४ साली आइची प्रांतात एका १३ वर्षांच्या मुलाने वर्गसोबत्यांच्या छळाला कंटाळून आत्महत्या केली होती आणि ती मुले त्याच्याकडून दहा लाखांहून अधिक येन उकळत होती, असे त्याने लिहून ठेवले होते. ही मांगा त्यानंतर दोन वर्षांनी आली. शाळेत पैशासाठी नडणारा उशिओ ज्या वाचकांसमोर आला, त्यांना तो राक्षस वाटला नसेल, शेजारच्या बाकावरचा वाटला असेल. त्या मुलांना माझे करारनाम्याचे आक्षेप सांगायला मला जड जाईल, एवढे मान्य करते.

एक शंका उरते. उशिओने सुरा उगारलाच नसता, हाव आवरून तो शांतपणे खेळला असता आणि जिंकला असता, तर? हरणाऱ्याला शिक्षा हा नियम दोघांना सारखा असेल, तर दुसऱ्या यूगीला कोण शिक्षा करणार होते?

पटावरचा उंट

ताई, हा प्रश्न कथा बराच काळ टाळते आणि शेवटी त्याच्यापाशी येते. तोएईच्या मालिकेचे शेवटचे दोन भाग बाकुराचे आहेत. तो वर्गात नव्याने आलेला गोड मुलगा आहे. त्याच्या गळ्यात सोन्याचे कडे आहे आणि त्या कड्यात यूगीसारखाच दुसरा कोणीतरी राहतो. तो मित्रांना घरी बोलावतो आणि टेबलावर 'मॉन्स्टर वर्ल्ड' मांडतो. डोंगर, किल्ला, गाव सगळे हाताने रंगवलेले आणि प्रत्येक खेळाडूचे एक वीतभरही नसलेले बाहुले. यावेळी खेळ निवडणारा बाकुरा आहे, नियम सांगणारा बाकुरा आहे आणि हरल्यास काय होईल हे आधी न सांगणाराही बाकुराच आहे.

त्या बाहुल्यांत खरोखर जीव आहेत. मित्र एकेक करून त्यांत कोंडले जातात. खुर्च्यांवर त्यांची शरीरे मान टाकून बसलेली आहेत आणि पटावर त्यांच्याच चेहऱ्यांची चिमुकली माणसे एकमेकांना हाका मारीत आहेत. आजवर दुसऱ्यांसाठी खेळ मांडणारा दुसरा यूगी टेबलाच्या या बाजूला बसला आहे, आणि फासे त्याला बाकुराच्या टेबलावरच टाकायचे आहेत.